फिल्टर बदलला, पण कार्बोरेटरला कोण सांगणार?



आपल्या घरांत मोटारसायकल ही आता नुसती हौसेची वस्तू राहिलेली नाही. रंगकाम असो, प्लंबिंग असो, पहाटेचे दूध टाकणे असो की कारखान्याची रात्रपाळी, गाडी बंद पडली की त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून गाडीवर होणारा खर्च हा घरातील सर्वांनी मिळून विचार करण्याचा विषय आहे. आज आम्ही अशाच एका खर्चाविषयी लिहीत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. परंतु त्याआधीच्या स्प्लेंडर, पल्सर, आर. एक्स. १००, जुन्या बुलेट आजही कामावर जातात. अशा गाडीची मूळ फिल्टरपेटी काढून तिथे बाजारात मिळणारा उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवण्याची तरुण मुलांना आवड असते. आवाज भारी येतो, पिकअप वाढतो, असे त्यांना सांगितले जाते. फिल्टर बसवायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर कार्बोरेटरचे सेटिंग करावे लागते, हे मात्र दुकानात फारसे कोणी सांगत नाही.

घोटाळा कोठे होतो?

कार्बोरेटर हवा मोजत नाही. त्याची नळी मध्ये अरुंद असते. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या ओढीने खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या भोकातून वर येते. कारखान्यात जेटचे भोक ठरवताना मूळ फिल्टर आणि त्याची पेटी हवेला किती अडवते, हे धरूनच ठरवलेले असते. म्हणजे फिल्टर हाही त्या सेटिंगचाच एक भाग असतो. उघडा फिल्टर लावला की अडथळा कमी होतो, हवा जास्त येते आणि जेटवरची ओढ घटते. हवा वाढली, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. यालाच मेकॅनिक लोक ‘मिक्स्चर लीन झाले’ म्हणतात.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. लीन मिश्रणाने इंजिन जास्त तापते. आपल्या गाड्यांची इंजिने वाऱ्यावर थंड होणारी असतात. दोन माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना अॅक्सिलेटर बराच वेळ पूर्ण पिळलेला असतो. त्या वेळी पेट्रोल कमी पडले तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो, पिस्टन जाम होतो, कधी पिस्टनच्या डोक्याला भोकही पडते. मग फिल्टरच्या कितीतरी पट खर्च बोअर-पिस्टनवर होतो.

यात इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे या मिश्र पेट्रोलच्या एका भागाला सुमारे साडेतेरा भाग हवाच पुरते. जुन्या गाडीचा जेट तोच असल्याने तिचे मिश्रण मुळातच थोडे लीन झालेले आहे. त्यावर उघडा फिल्टर लावणे म्हणजे तापलेल्या तव्याखाली आणखी एक लाकूड सारणे होय.

लक्षणे ओळखा

अॅक्सिलेटर एकदम दिला की गाडी अडखळते. सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होतो. इंजिन गरम झाल्यावरही चोक द्यावासा वाटतो. रेस सोडली तरी स्लो स्पीड लवकर खाली येत नाही. ही लीनची लक्षणे आहेत. याउलट काळा धूर, पेट्रोलचा वास, जड झालेली गाडी आणि पडलेला अॅव्हरेज, ही पेट्रोल जास्त झाल्याची लक्षणे. प्लगही बोलतो. पांढराफटक असेल तर लीन, काजळी धरलेला असेल तर रिच, फिकट तपकिरी असेल तर ठीक.

सेटिंग कसे करावे?

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी बाकीचे तपासून घ्यावे. टॅपेट ठीक आहे का, प्लग चांगला आहे का, कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला चीर नाही ना, हे पाहावे. त्या चिरेतून हवा आत जात असेल तर कोणतेही सेटिंग टिकणार नाही. जेट पितळेचे असतात. साफ करताना त्यांत तार घालू नये, भोक मोठे होते. ड्रिलने भोक वाढवून देणाऱ्याकडे तर जाऊच नये. त्यापेक्षा योग्य नंबरचा जेट विकत घ्यावा. एकाच बनावटीच्या जेटमध्ये नंबर मोठा तर भोक मोठे.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल देणाऱ्या तीन वाटा आहेत. अॅक्सिलेटर जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण उघडल्यावर सुई काम करते. पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून मुठीवर कागदी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा कराव्यात. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते कळले की कोठे हात घालायचा तेही कळते.

पहिले काम मेन जेटचे, कारण सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. मूळ जेटपेक्षा दोन पायऱ्या मोठा घालून सुरुवात करावी आणि एकेक पायरी खाली यावे. पेट्रोल थोडे जास्त असताना इंजिन काळे होईल, पण जळणार नाही. चाचणी मोकळ्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालूनच करावी.

नंतर सुई. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. क्लिप वर घेतली की पेट्रोल कमी होते. काही गाड्यांच्या सुईला खाचाच नसतात. तेथे सुईखाली पातळ वॉशर घालून ती उचलावी लागते. हे काम जाणत्या हाताचे आहे.

शेवटी स्क्रू. इंजिन चांगले गरम करून घ्यावे. तो स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा आहे, आत फिरवला की मिश्रण रिच होते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा आहे, बाहेर काढला की रिच होते. प्रथम हलक्या हाताने पूर्ण आत बसवावा आणि दीड आटे बाहेर काढावा. मग थोडा थोडा फिरवून इंजिन जेथे सर्वांत जोरात आणि एकसारखे चालेल तेथे ठेवावा. त्यानंतर स्लो स्पीडचा स्क्रू सोडून रेस बेताची करावी. एका आट्याच्या आत किंवा तीन आट्यांच्या पुढे जाऊनच गाडी नीट चालत असेल, तर पायलट जेटचा नंबर चुकला आहे असे समजावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा : तारीख, जेटचा नंबर, सुईची खाच, स्क्रूचे आटे, अॅव्हरेज. चार ठिकाणी एकदम हात घातला तर गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही आणि बिघडली तरी कळत नाही.

पी.यू.सी. मिळाली म्हणजे सेटिंग बरोबर आहे, असेही समजू नये. ती तपासणी गाडी उभी असताना स्लो स्पीडवर होते. त्या वेळी मेन जेट काम करतच नाही. घाटात पेट्रोल कमी पडते की नाही, हे त्या कागदावरून कळणार नाही.

मग काय करावे?

आमचे मत स्पष्ट आहे. गाडी रोजीरोटीची असेल तर मूळ पेटी आणि मूळ फिल्टर हेच उत्तम. पेटी हवा एकसारखी देते, पावसाचे पाणी अडवते आणि इंजिनजवळची गरम हवा आत येऊ देत नाही. आपल्या रस्त्यांवरची बारीक धूळ उघड्या, हलक्या फिल्टरमधून आत गेली की रिंग आणि बोअर घासतात. पिकअप कमी वाटत असेल तर प्रथम जुना फिल्टर पाहावा. कागदी असेल तर धुऊ नये, वेळेवर बदलावा. फोमचा असेल तर धुऊन, सुकवून, तेल लावून बसवावा. पुष्कळदा तेवढ्यानेच गाडी सुधारते.

उघडा फिल्टर आधीच बसवला असेल तर घरात भांडण नको. मुलाला अडाणी ठरवण्यापेक्षा त्याच्या हाती वही द्यावी आणि जाणत्या मेकॅनिकजवळ बसून सेटिंग करून घ्यायला सांगावे. तेवढा वेळ आणि जेटचे पैसे नसतील, तर मूळ पेटी पुन्हा बसवावी. म्हणून एवढे लक्षात ठेवा : काढलेली मूळ पेटी भंगारात देऊ नका, माळ्यावर जपून ठेवा.