रद्दीत गेलेली भुतं



या पानावर आपण बहुधा जुन्या हैदराबादच्या आठवणी लिहितो. सुलतान बाजार, बडी चावडी, विवेकवर्धिनीचे मास्तर, नुमाइशमधल्या थंडीतल्या संध्याकाळी. मीही तेच लिहीत आलो. आज मात्र गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो आणि तिच्यावरून झालेलं माझं मतही सांगतो. मत असं की, घरातल्या पोरांनी हाताने लिहिलेल्या वह्या, मग त्या कसल्याही खेळाच्या असोत, विचारल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय रद्दीत घालू नयेत. ऐकायला साधं वाटतं. मला ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा आणि नातवाच्या टेबलाखालचा कागद मी स्वतः बांधून काढला. 11 किलो भरला, 154 रुपये आले. त्यात जुनी मासिकं होती, क्लासच्या छापील नोट्स होत्या आणि दोन जाड वह्या होत्या. वह्या मी उघडून पाहिल्या होत्या, हे लपवत नाही. एका पानावर आठ पायांचं काहीतरी, दुसऱ्यावर केस मोकळे सोडलेली बाई, बाजूला आकडेच आकडे. मनात म्हटलं, इंटरच्या वर्षात हे चाळे! आणि सुतळी आवळली.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. पोरं नुसतं 'डी अँड डी' म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पुढे राक्षस आला तर पळायचं, लढायचं की बोलणी करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की नाही हे फासे सांगतात. फासे सात असतात, चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, त्यावर ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची कला, अशा सहा गुणांचे आकडे. मी पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा मला आपलं लेजरचं पान आठवलं. जमा, नावे, शिल्लक.

आमच्याकडे दर दुसऱ्या रविवारी बरकतपुऱ्याच्या घरात हा डाव बसायचा. एक तेलुगू, एक मारवाडी, एक उर्दू बोलणारा आणि आमचा. माझे आक्षेप चार होते. तुमचेही तेच असतील.

पहिला, फासे म्हणजे जुगार. पण आपल्या आज्या सारीपाट मांडून बसायच्या तेव्हा आपण कधी पोलीस बोलावले नाहीत. इथे पैसा नसतो. कोणी जिंकत नाही की हरत नाही, गोष्ट पुढे सरकते इतकंच.

दुसरा, अभ्यास बुडतो. हा आक्षेप मी अजून पूर्ण सोडलेला नाही. इंटरच्या दुसऱ्या वर्षात महिन्यातून एकच रविवार, असं सूनबाईने ठरवलं आणि ते योग्यच केलं.

तिसरा, हे सगळं परकं. या खेळाच्या 1977 सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाच्या पुस्तकात 'राक्षस' आहे, हाच शब्द, आपला. पण चित्रात त्याला वाघाचं तोंड, अंगात झगा आणि हातात पाइप. नातवाने दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "हा कुठला राक्षस? हा तर क्लबातला साहेब!" तो हसला आणि म्हणाला, "आबा, त्यांना सांगायला आपलं कोणी नव्हतं ना तिथे."

चौथा, भुताखेतांची अंधश्रद्धा. या बाबतीत मी चांगलाच तोंडावर पडलो. त्या वह्यांमध्ये प्रत्येक भुताच्या नावाने एक पान होतं. चिलखताचा आकडा, किती मार सोसेल त्याचा आकडा, एका खेपेत किती फूट चालेल, कशाला घाबरतं आणि एकूण किती अवघड. या शेवटच्याला ते 'चॅलेंज रेटिंग' म्हणतात. म्हणजे चक्क भुताच्या नावाने खातं उघडून त्याचं रेटिंग काढलेलं. ज्याची शिल्लक तुम्हाला माहीत आहे त्याला कोण घाबरेल?

पण हे सगळं मला नंतर कळलं. वह्या गेल्या त्या संध्याकाळी नातवाने विचारलं, "आबा, टेबलाखालच्या माझ्या दोन वह्या?" मी म्हटलं, "रद्दीत. क्लासच्या नोट्सबरोबर." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आजीची भुतं होती त्यात."

हिला जाऊन आता तीन वर्षं झाली. हिचं माहेर परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठच्या बाजूचं. शेवटच्या वर्षी ही बहुतेक पलंगावरच असायची आणि नातू शाळेतून आला की तिच्याजवळ बसायचा. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचो. आतून दोघांचं कुजबुजणं आणि हसणं ऐकू यायचं. मला वाटायचं, चाललंय काहीतरी. चाललं होतं ते हे. ही त्याला माहेरची भुतं सांगत होती आणि तो ती लिहून घेत होता. पिंपळावरचा मुंजा, रात्रभर एकाच शेताभोवती फिरवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, विहिरीवरच्या साती आसरा, मशाली घेऊन निघणारा वेताळ. तिचे शब्द, त्याचं अक्षर. हिचा आवाज असलेली एकही टेप आमच्याकडे नाही. जे होतं ते त्या दोन वह्यांत.

मंडळी, मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. जुनं व्हाउचर नष्ट करायचं तर मुदत संपली का ते आम्ही पाहायचो, यादी करायचो, मंजुरी घ्यायचो, मग सही. दोन रुपयांचं व्हाउचरसुद्धा मी कधी विचारल्याशिवाय टाकलं नाही. आणि घरातल्या वह्यांना मी रजिस्टर ठेवलं नाही, यादी केली नाही, कोणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ऑटोने रद्दीवाल्याच्या गोदामात गेलो. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, "कागजां तो रात कू ही निकल गए साब, पूरी गाडी भर के." तरी त्याने आम्हाला उरलेला ढीग उपसू दिला. दोन तास उपसला. क्लासच्या नोट्स सापडल्या, एकूण एक. वह्या नाही सापडल्या.

परत येताना ऑटोमध्ये मी त्याला म्हटलं, "तुझ्या त्या कॉमिक कॉनच्या वस्तू मी नाही टाकल्या." हायटेक्सला भरलेल्या कॉमिक कॉनचा पास त्याच्या कपाटाच्या खिळ्याला लटकलेला असतो, रंगीत नाडीसकट. शिवाय तीन पिना आणि फाशांची मखमली पिशवी. तो म्हणाला, "त्या परत विकत मिळतात, आबा." एवढंच बोलून तो बाहेर पाहत बसला.

खरं तर या वस्तूंचंही मी कधी कौतुक केलं नव्हतं. पण 1931 साली आपल्या हैदराबादला साहित्य संमेलन झालं, ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष होते, तेव्हा माझे वडील शाळकरी स्वयंसेवक होते. त्यांचा कापडी बिल्ला अजून माझ्या लोखंडी कपाटात आहे. कोणी तो टाकायला निघालं तर मी घर डोक्यावर घेईन. वडिलांचा बिल्ला ठेवा आणि नातवाचा पास कचरा, असा हिशेब मी वर्षानुवर्षं मांडत होतो आणि कोणी ऑडिट केलं नाही.

त्यानंतर मी या खेळाची माहिती नातवाकडून घ्यायला लागलो, थोडी प्रायश्चित्त म्हणून, थोडी उत्सुकता म्हणून. निघालं काय, तर सगळा खेळच मुळात घरगुती. गॅरी गायगॅक्स नावाचा माणूस अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातला. आधी विमा कंपनीत अंडररायटर, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करायचा. 1968 मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेतला आणि खेळ खेळणाऱ्यांचं संमेलन भरवलं. शंभरेक लोक आले. तेच आजचं 'जेन कॉन'. ते आता इंडियानापोलिसला भरतं आणि सत्तर हजारांवर लोक येतात. 1974 मध्ये त्याने आणि डेव्ह आर्नेसनने हा खेळ काढला, तोही तीन पुस्तिकांचा एक खोका. पहिल्या आवृत्तीचे 1,000 खोके घरीच हाताने जुळवले. त्यातले काही राक्षस तर बाजारातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून बेतलेले. मुलांच्या खेळण्यांच्या पिशवीतलं एक विचित्र जनावर घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, आकडे द्यायचे, की झाला राक्षस.

त्याहून मला पटलेली गोष्ट इंग्लंडची. तिथल्या 'व्हाइट ड्वार्फ' या मासिकात वाचक आपापले घरी बनवलेले राक्षस पाठवायचे. त्यातले निवडक आणि काही नवे मिळून 1981 साली 'फीन्ड फोलिओ' हे पुस्तक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर जो राक्षस आहे, गिथयांकी, तो चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या पोराने शाळकरी वयात लिहून पाठवला होता. पुढे तो नावाजलेला विज्ञानकथा लेखक झाला. आणि 2023 साली गाजलेल्या 'बाल्डर्स गेट 3' या कॉम्प्युटर खेळात तीच गिथयांकी जमात आहे. त्या पोराची वही कोणा आजोबांनी दिवाळीत बांधून दिली असती तर?

आणि 'आपलं कोणी नव्हतं तिथे' हेही आता खरं राहिलेलं नाही. 2022 मध्ये याच खेळाचं एक अधिकृत पुस्तक निघालं. त्यातला एक भाग मिमी मंडल या बंगाली लेखिकेचा आहे आणि त्यातली भूमी बंगालवरून उभी केलेली आहे. बंगालची पोर आपला मुलूख तिथे घेऊन गेली. आपला मुंजा अजून पिंपळावरच बसलाय, कारण आपण त्याला घरातसुद्धा घेत नाही. आपण सुशिक्षित माणसं, 'असं काही नसतं' एवढं सांगून मोकळे होतो. नसतं हे पोरांनाही माहीत आहे. त्यांना गोष्ट हवी असते.

आता वह्यांचं काय झालं ते सांगतो. मित्रांच्या फोनमध्ये नऊ पानांचे फोटो सापडले. त्यातली दोन पानं तेलुगू मित्राच्या आजीच्या कोरिवी दय्यमची, म्हणजे पेटतं कोलीत घेऊन फिरणाऱ्या भुताची. बाकी सातांत मुंजाचं पान आहे. ते वाचून मी बराच वेळ गप्प होतो. हिने त्याला सांगितलं होतं, मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. आठ वर्षांचं पोर ते. त्याला कोण मारणार? त्याला खेळायला कोणीतरी हवं असतं. म्हणून नातवाने मुंजाच्या पानावर मार सोसायचा आकडाच लिहिलेला नाही. तिथे लिहिलंय, 'पिंपळाखाली गोट्या मांडल्या तर लढाई होत नाही.' चार वेगवेगळ्या घरांतली ती पोरं एका रविवारी खरोखर तासभर त्या मुंजाशी गोट्या खेळली म्हणे, आणि मग त्याने त्यांना वाट दाखवली.

हे हिचं आहे. मी ओळखतो. ही अशीच होती.

उरलेली पानं आम्ही पुन्हा लिहितोय. महिन्यातला तो एक रविवार खेळाचा, बाकी रविवारी जेवण झाल्यावर अर्धा तास वहीचा. मला आठवतं ते मी सांगतो, पण मला फार कमी आठवतं. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या गोष्टी पेपराआडून ऐकल्या त्या पेपराआडच राहिल्या. शेवटी परभणीला मेव्हणीला फोन लावला. ती म्हणाली, "भावजी, आसरांची गोष्ट ताईने चुकीची सांगितली त्याला. त्या विहिरीवर सात नव्हत्या, एक रुसून गेलेली होती." आता सात लिहायच्या की सहा, यावर आजोबा आणि नातवात वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, आजीने सात सांगितल्या तर सातच. माझं म्हणणं, दोन्ही लिही आणि खाली कोणी सांगितलं त्याचं नाव घाल. नोंद पक्की हवी.

तर मंडळी, माझं म्हणणं इतकंच. पोरांच्या वहीत विचित्र काही दिसलं तर आधी विचारा, "हे काय आहे रे?" दहा मिनिटं जातील. आणि तुमच्या घरी कोणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर त्यांच्याकडून त्यांच्या गावचं एक तरी भूत या आठवड्यात लिहून घ्या. नांदेड, बीड, बिदर, गुलबर्गा, कुठलंही चालेल. इथे खाली लिहिलंत तर मी नातवाला दाखवीन. सांगणाऱ्याचं नाव आणि गाव घालायला मात्र विसरू नका.