माळ्यावरची बंदूक कुणाची?

दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. साफसफाईसाठी माळ्यावरची ट्रंक काढली, तर जुन्या रजईखाली सासऱ्यांची बाराबोअरची बंदूक आणि पंचात गुंडाळलेली सात काडतुसं. सासरे जाऊन दोन वर्षं झालेली. नवरा म्हणाला, "राहू दे गं, बाबांची आठवण आहे." ताईंचा प्रश्न साधा होता, "अहो, पण ही आता कुणाची?"

मैत्रिणींनो, उत्तर ऐकून ताईंच्या हातापायातलं बळच गेलं. कायद्याच्या दृष्टीनं ती बंदूक आठवण नव्हती, विनापरवाना शस्त्र होती.

बंदूक हा पुरुषांचा विषय, असं आपण धरून चालतो. शेतीच्या राखणीसाठी घेतलेली असो नाहीतर मानाची म्हणून, घरातल्या बाईला तिच्याबद्दल कुणी काही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पण ती असते आपल्याच कपाटात, आपल्याच मुलांच्या हाताशी. अलीकडच्या दोन घटना पाहा. 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी पायाला लागली. तेही घरात, पहाटेच्या वेळी. त्यानंतर डिसेंबरमध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर सुरू झाली. प्रशासनाला परवान्यांची फेरतपासणी करावी लागली, कित्येक परवाने रद्द झाले. म्हणजे परवाना आहे एवढ्यावर निर्धास्त राहण्यासारखं काही नाही.

आधी ओळख करून घेऊ. बाराबोअर म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक, तिच्या काडतुसातून छर्रे उडतात. रायफलच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात, म्हणून तिची गोळी लांब आणि सरळ जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं फिरतं चक्र असतं, तर पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन बसतं. इथंच नवखी माणसं फसतात. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं वाटतं, पण एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते. काडतूस म्हणजे कवच, दारू, पुढे गोळी किंवा छर्रे आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी. जुनं झालं म्हणून ते निकामी झालं असं समजू नका.

आता कायदा. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांवर सगळा कारभार चालतो. परवाना देतात जिल्हाधिकारी, आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलिस आयुक्त. अर्जदाराचं वय किमान 21 हवं, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षणही हवं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन वर्षांची कैद आहे. आणि लग्नाच्या वरातीत हौसेनं बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं!

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. नवऱ्याची बंदूक बायकोची होत नाही आणि बापाची आपोआप मुलाची होत नाही. परवानाधारक गेला की शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असतात. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, हे खरं. पण तेराव्याच्या यादीत हेही एक काम लिहून ठेवा. जमा करताना शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. मात्र पिशवीत घालून एसटीनं न्यायला जाऊ नका. आधी ठाण्यात लेखी कळवा आणि ते सांगतील तसं करा.

जमा केली म्हणजे बंदूक गेली, असंही नाही. वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो, आणि वारसांत बायको, मुलगी, सूनही येतात बरं का! बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. परवानाधारक हयात असतानाही, वयाची 70 वर्षं झाली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, की तो वारसाचं नाव सुचवू शकतो. कुणालाच नको असेल तर ती रीतसर विकता येते. मात्र वेळेत काहीच केलं नाही, तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

घरात परवान्याची बंदूक असेलच, तर चार गोष्टींचा आग्रह धरा. बंदूक कायम भरलेली आहे असंच समजायचं. नळी कुणाकडेही रोखायची नाही, गमतीतसुद्धा नाही. चापावर बोट ठेवायचं नाही. आणि बंदूक एका कुलुपात, काडतुसं दुसऱ्या कुलुपात. किल्ली फक्त परवानाधारकाकडे, देवघरातल्या खिळ्याला नाही.

"मग आम्हीच का घेऊ नये एखादं पिस्तूल?" असंही काहीजणी विचारतात. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. घेणारीनं जरूर घ्यावं, पण एक विचार करावा. देशात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांच्या नोंदीत वर्षानुवर्षं सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा असतो. तिथं पर्समधलं रिव्हॉल्व्हर काय कामाचं? उलट घरातलीच बंदूक बाईवर रोखली जाण्याची भीती जास्त.

तसं होत असेल तर गप्प बसू नका. नवरा दारू पिऊन परवान्याची बंदूक दाखवून धमकावतो, हे पोलिसांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्यालाच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केलात, तर न्यायालयाच्या लेखी आदेशावरून संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीनं ते हत्यार जप्तही करून घेऊ शकतो.

त्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला समजावलं, ठाण्यात अर्ज दिला आणि पावती घेतली. नवरा दोन दिवस रुसला होता म्हणे. ताई म्हणाल्या, "बाबांची आठवण म्हणून त्यांची काठी ठेवलीय की दाराशी. रात्री झोप लागते आता."

तुमच्या माळ्यावर काय आहे, एकदा बघून घ्या.