विद्यापीठच दुकानदार झाले तर शेजारच्याने कोठे जायचे?

फतेहगंज, सयाजीगंज, प्रतापगंज या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्या बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. महाराजा सयाजीराव विद्यापीठाने केवळ पदवीधर घडविले नाहीत, त्याच्या आधाराने आसपासच्या कितीतरी घरांच्या चुली पेटत राहिल्या. खानावळ चालविणाऱ्या काकू, झेरॉक्सवाला, वह्या-पुस्तकांचा दुकानदार, सेव-उसळीची गाडी, परगावच्या मुलाला मागची खोली भाड्याने देणारे निवृत्त आजोबा, या साऱ्यांचे पोट विद्यार्थ्यांवर. त्यांत आपली मराठी घरेही आहेत.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, विद्यापीठांनी स्वतःचे उत्पन्न स्वतः उभे करावे, हा आग्रह देशभर वाढतो आहे. केंद्राने गेल्या दशकात आपल्या विद्यापीठांना बांधकामासाठी ‘हेफा’मार्फत कर्जाची वाट दाखविली. कर्ज म्हटले की फेड आली, आणि फेडीसाठी उत्पन्न आले. मग रस्त्यालगतची मोकळी जमीन डोळ्यांत भरते. खाली दुकाने, वर हॉटेल, महिन्याला भाडे! बडोद्यात अशी योजना कागदावर आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण योजना जाहीर झाल्यावर हरकत घेणे म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून जेथे हे पंचवीस वर्षांपूर्वी घडले, तेथील हिशेब पाहू.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आहे. १९९६ साली तेथील एका संशोधकाचा विद्यापीठाजवळच्या वस्तीत खून झाला. पालक घाबरले. तेव्हाच्या अध्यक्षा ज्युडिथ रोडिन यांनी परिसर सुधारण्याचे काम हाती घेतले. रस्त्यांवर दिवे आले, गस्त वाढली, पुढे शाळाही निघाली. त्याच कार्यक्रमात वॉलनट रस्त्यावरील गाड्या लावण्याच्या जागेवर ‘सॅन्सम कॉमन’ हे संकुल उभे राहिले. १९९८ मध्ये तेथे बार्न्स अँड नोबल या बड्या साखळीने चालविलेले पुस्तकांचे दुकान उघडले, पाठोपाठ हॉटेल आले. २००१ मध्ये चाळिसाव्या रस्त्यावर मोठे किराणा दुकान सुरू झाले. अंधार पडल्यावर जेथे माणूस फिरकत नसे, तेथे वर्दळ आली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच १९९८ मध्ये शहराने विद्यापीठाच्या आग्रहावरून तेथील खाद्यगाड्यांसाठी नवा नियम केला. वर्षानुवर्षे मुख्य रस्त्यांच्या कडेला स्वस्त जेवण देणाऱ्या गाड्यांपैकी अनेकांना जुनी जागा सोडावी लागली. विद्यापीठाने त्यांच्यासाठी ठरावीक चौक बांधून दिले. कागदावर हे पुनर्वसनच. परंतु गाडीचा धंदा जागेवर असतो, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. जाता-येता दिसते म्हणून गिऱ्हाईक थांबते, इमारतीआड गेलेल्या गाडीला शोधत कोण जाणार? या नियमाविरुद्ध विक्रेत्यांबरोबर विद्यार्थी आणि प्राध्यापकही उभे राहिले, कारण स्वस्त घास त्यांचाही जात होता.

शेजाऱ्यांच्या अविश्वासाला जुने कारणही होते. १९६० च्या दशकात शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली विद्यापीठालगतची ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती पाडली गेली आणि हजारो लोक उठले. ज्याचे घर एकदा गेले, तो दुसऱ्या वेळी नकाशा पाहून हुरळत नाही. शिवाय बडा भागीदार टिकतोच असेही नाही. चाळिसाव्या रस्त्यावर नामांकित चित्रपटगृह येणार होते. २००० साली त्यातील कंपनी दिवाळखोरीत गेली आणि काम अर्ध्यावर थांबले. पुढे दुसऱ्याने ते २००२ मध्ये सुरू केले.

न्यू हेवन येथील येल विद्यापीठाचा अनुभव वेगळ्या अंगाने बोलका आहे. तेथे विद्यापीठ स्वतःच अनेक दुकानांचे घरमालक. रात्री नऊपर्यंत दुकान उघडे ठेवावे, अशी अट भाडेकरारात घातली गेली. अट निर्दोष वाटते. पण नोकर ठेवणाऱ्या साखळी-दुकानाला ती झेपते, नवरा-बायको मिळून चालविणाऱ्या दुकानाला तीच जाचते. कोणाला हाकलावे लागत नाही. अनामत, सजावट, वेळ यांच्या अटीच छोट्याला बाहेर ठेवतात.

आम्ही सगळा दोष विद्यापीठांच्या माथी मारणार नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपली खरेदी शेजारच्या वस्तीतील व्यापाऱ्यांकडून करण्याचाही कार्यक्रम चालविला, तो अनुकरणीय आहे. आणि आपल्या घरांचे काय? वडिलांच्या गल्ल्यावर बसण्याची लाज किती मुलांना वाटली? आपणही घरबसल्या मोबाईलवरून सामान मागवतो आणि कोपऱ्यावरचे दुकान बंद झाले की हळहळतो. विद्यार्थ्यांनाही स्वच्छ, उजेडाची, उशिरापर्यंत उघडी जागा हवी असते. ती मागणी रास्त आहे.

म्हणून आमचा विरोध दुकानांना नाही, न विचारता ती उभारण्याला आहे. विद्यापीठाच्या जमिनीवर व्यापारी बांधकाम येणार असेल, तर आमच्या चार मागण्या आहेत. आधी आसपासच्या दुकानांची व गाड्यांची मोजणी करून यादी जाहीर करावी. काही गाळे लहान आकाराचे, कमी अनामतीचे आणि स्थानिकांसाठी राखीव असावेत. कोणतीही गाडी हलविण्याआधी रहदारीची पर्यायी जागा द्यावी. आणि विद्यापीठाची वह्या, छपाई, खानपानाची खरेदी शक्य तेवढी शेजारून व्हावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर विक्रय समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचेच असावे लागतात. हे किती गाडीवाल्यांना ठाऊक आहे?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पूर्वी नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी सिनेटवर निवडून पाठवत. गुजरातच्या २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची ती सिनेट गेली. जमिनीचा निर्णय घेणाऱ्या खोलीत आपला माणूस नसेल, तर खोलीबाहेर तरी आपला आवाज हवा.

सभासदांना आमची विनंती आहे. विद्यापीठाच्या परिसरात ज्यांचे दुकान, खानावळ वा गाडी आहे, त्यांनी आपले नाव आणि किती वर्षांचा व्यवसाय, हे मंडळाकडे लिहून द्यावे. शेजारी मराठी असो वा गुजराती, त्याचेही नाव आणावे. यादी हातात असेल तर उद्या कोणी म्हणू शकणार नाही की, येथे कोणी नव्हतेच.