गांडूळ तुटले, तर दोन होतात का?



कुदळीने गांडूळ तुटले की त्याची दोन गांडुळे होतात, असे आपल्याकडे सर्रास बोलतात. तसे होत नाही. गांडुळाच्या पुढच्या टोकाला तोंड, मागच्या टोकाला विष्ठेची वाट आणि मध्ये सरळ नळीसारखे आतडे. घाव बराच मागे बसला तर पुढचा तुकडा कधी कधी तगतो. शेपटाचा तुकडा थोडा वळवळून मरतो.

शेवाळावर राहणाऱ्या इवल्याशा हायड्राचे निराळे. त्याचे शरीर म्हणजे नुसती पिशवी. खायचे आणि चोथा टाकायचा तो एकाच तोंडाने. त्याच्या तुकड्यांतून मात्र खरोखर नवे हायड्रा होतात.

दोन्हीकडे उघडी नळी ही फार जुनी सोय. दक्षिण ऑस्ट्रेलियातील सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तांदळाच्या दाण्याएवढ्या एका जीवाचे ठसे सापडले. २०२० साली त्याचे नाव ‘इकारिया’ ठेवले. समुद्रतळाची वाळू उकरीत तो पुढे सरके. पहिला नांगऱ्याच म्हणा ना!

या नळीमुळेच गांडूळ चालता चालता खाते. माती व कुजका पाला पुढून आत, खत मागून बाहेर. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी एकरी वर्षाला १० टनांवर माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब डार्विनने १८८१ च्या पुस्तकात मांडला.

आणि आपण उसाचे पाचट पेटवतो! वरची गांडुळे होरपळतात, खालच्यांचे अन्न राख होते. यंदा खोडव्यात पाचट सरीत दाबा, वर शेणकाला शिंपडा, ओल टिकवा. पावसाळ्यात एक सरी उकरून गांडुळे मोजा.