परतीचा परवाना

अलीकडच्या समीक्षेत ‘सीमा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. भाषेच्या सीमा, देहाच्या सीमा, वाङ्मयप्रकारांच्या सीमा. आणि प्रत्येक चर्चासत्रात कोणी ना कोणी त्या ओलांडत असतो. ग्लोरिआ आन्साल्दुआ यांच्या ‘बॉर्डरलँड्स / ला फ्रोन्तेरा’ (१९८७) या पुस्तकाचा हवाला अशा वेळी हमखास दिला जातो. परंतु टेक्सासच्या दक्षिण टोकाला जन्मलेल्या या लेखिकेची सीमा रूपक होण्याआधी एक नदी होती, नदीवर पूल होते आणि पुलांपलीकडे कागद तपासणारी माणसे होती. हे आपण विसरतो. ज्याला पलीकडे जाण्याचा कागद सहज मिळतो त्यालाच सीमेचे रूपक करण्याची चैन परवडते, असे आमचे मत आहे. एका खिडकीसमोर दोन तास उभे राहिल्यावर ते बनले, म्हणून आधी त्या खिडकीविषयी.

२०१४ सालच्या डिसेंबरात आम्ही टेक्सासमधील भाच्याकडे गेलो असता त्याच्याच गाडीने मेक्सिकोतील मोन्तेर्रे शहरी जाण्याचे ठरले. वाट लारेडोवरून होती. ग्रॅहम ग्रीन यांच्या मेक्सिकोवरील ‘द लॉलेस रोड्स’ (१९३९) या प्रवासग्रंथातील मेक्सिकोप्रवेश याच गावातून होतो, एवढे वाचून ठाऊक होते. लारेडो हे एकेकाळी नदीच्या दोन्ही काठांशी व्यवहार असलेले एकच गाव. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने नदी हीच सरहद्द ठरली आणि उत्तर काठावरचे लोक झोपेतून उठावे तसे परदेशात जागे झाले. ज्यांना मेक्सिकोतच राहायचे होते त्यांनी दक्षिण काठावर नुएव्हो लारेडो वसवले. जाताना त्यांनी पूर्वजांच्या अस्थीही उकरून सोबत नेल्या, अशी आख्यायिका तिथे आजही सांगतात. नदीलाही दोन नावे आहेत. उत्तरेकडून पाहणारा तिला रिओ ग्रांदे म्हणतो, दक्षिणेकडून पाहणारा रिओ ब्राव्हो.

पूल ओलांडला तेव्हा आम्हाला कोणीच थांबवले नाही. मेक्सिकोच्या जकात नाक्यावर एक दिवा असतो. तांबडा लागला तर सामान तपासतात, हिरवा लागला तर गाडी पुढे काढायची. आमचा हिरवा लागला. पारपत्र कोणी मागितले नाही, नाव विचारले नाही. तसेच पुढे गेलो असतो तर शहरात जेवून, बाजारहाट करूनही कोणी हटकले नसते. पण आत, महामार्गावर सुमारे सव्विसाव्या किलोमीटरवर दुसरा नाका आहे आणि तिथे ज्याच्याकडे परवाना नाही त्याला मुकाट्याने माघारी फिरावे लागते. म्हणजे परवाना देणारी कचेरी आपणच शोधायची, गाडी आपणच वळवायची आणि आत जाऊन ‘आम्ही आलो आहोत, परवानगी द्या’ असे आपणच म्हणायचे. दार उघडे असता उंबऱ्यावर थांबून हाक द्यावी, तसाच हा प्रकार. आमच्या लहानपणी कोणाच्या घरी गेल्यावर दार सताड उघडे असले तरी ‘आहेत का घरात?’ असे विचारल्यावाचून आत पाऊल टाकत नसत. तो रिवाज आम्हाला तिथे आठवला.

नदीकाठच्या त्या इमारतीत कामांचा क्रम ठरलेला होता. पहिली खिडकी परराष्ट्रीयांच्या नोंदीची. तिथे पर्यटकाचा कागद मिळे. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पारपत्राचा क्रमांक, प्रवासाचा हेतू हे सारे आपण भरायचे आणि राहण्याचे दिवस मात्र अधिकाऱ्याने स्वहस्ते लिहायचे. एकशे ऐंशीहून अधिक नाहीत. किती कमी, ते त्याच्या मर्जीवर. आमच्या पारपत्रावर अमेरिकेचा चालू व्हिसा होता. २०१० पासून अशा प्रवाशाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण व्हिसा नको याचा अर्थ परवाना नको असा नव्हे, हा भेद पुष्कळांना तिथे पोचल्यावरच उमगतो. दुसरी खिडकी छायाप्रतींची. ती विसरणारा रांगेच्या शेपटाला जातो. तिसरी गाडीच्या परवान्याची, आणि ती चालवते मेक्सिकोच्या लष्कराची बँक. गाडी मालकाच्या नावावर हवी, कर्ज फिटले नसेल तर कर्ज देणाऱ्याचे संमतिपत्र हवे, शिवाय अनामत. भाच्याची गाडी २००७ नंतरची असल्याने चारशे डॉलर पडले. मुदतीच्या आत गाडी परत नेली तर अनामत परत, न नेल्यास जप्त. हे झाले की काचेवर चिकटवायची एक चकचकीत चिठ्ठी हाती येते. विमानतळांवर २०२२ च्या सुमारापासून या पर्यटक-कागदाची जागा पारपत्रावरचा शिक्का घेऊ लागला. रस्त्याने जाणाऱ्याची कचेरीची पायरी मात्र चुकलेली नाही.

त्या तिसऱ्या रांगेत आमच्या ध्यानात आले की आमच्या पुढेमागे पर्यटक जवळजवळ नाहीतच. होते ते अमेरिकेत कामाला असलेले मेक्सिकन लोक, नाताळासाठी गावी निघालेले. गाड्यांच्या टपांवर गाद्या, सायकली, धुलाईयंत्रे दोरखंडांनी बांधलेली. ‘पाइसानो’, म्हणजे आपल्या मुलखातला माणूस, असे त्यांना म्हणतात आणि त्यांच्या या वार्षिक परतीसाठी मेक्सिको सरकारची १९८९ पासून त्याच नावाची खास योजना आहे. चाकरमानी गणपतीला कोकणात निघतात, तेव्हाची महामार्गावरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की कोकणात शिरताना गाडीसाठी अनामत ठेवावी लागत नाही. या लोकांना स्वतःसाठी पर्यटक-परवाना नको होता, कारण देश त्यांचाच. पण त्यांच्या गाडीची पाटी परदेशाची, म्हणून गाडीला परवाना हवा. जन्मभूमीच्या दारात आपण देशी आणि आपली कमाई परदेशी, अशी ती विचित्र फाळणी. आमच्या पुढच्या गृहस्थाने कागद मिळताच तो कपाळाला लावला नाही की चुंबला नाही. नीट घडी करून पत्नीच्या हाती दिला. तिने तो पर्समधल्या मुलांच्या जन्मदाखल्यांमध्ये ठेवला.

पण त्या रांगेत नसलेल्यांचा विचार आमच्या मनातून जात नाही. पुलाच्या उत्तरेला असे असंख्य लोक राहतात ज्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नाहीत. दक्षिणेकडे जायला त्यांना कोण अडवतो? कोणीही नाही. दिवा त्यांच्यासाठीही हिरवाच लागेल. पण एकदा गेले की परत येता येणार नाही. म्हणून आई वारली तरी ते जात नाहीत. दार आतून उघडे असूनही घर बंद असू शकते, ते असे.

आणि हा प्रश्न केवळ त्यांचा नव्हे. सहलीचा बेत प्रथम निघाला तेव्हा भाचा म्हणाला होता, “मामा, जाता केव्हाही येईल हो. परत येता येईल का, ते आधी बघू.” त्याचा व्हिसा चालू होता म्हणून तो आला. त्याचा एक मित्र येणार होता, तो राहिला. नोकरी होती, राहण्याची मुदतही शिल्लक होती. पण पारपत्रावरच्या व्हिसाचा शिक्का उलटून गेला होता आणि अशा प्रवाशाला मेक्सिकोचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. अमेरिकेतील आमची शिकलीसवरली मराठी मुले मेक्सिकोविषयी जे एकमेकांना विचारतात त्यात पिरॅमिड क्वचित असतात. त्यात असतो शिक्का, तारीख आणि परतीचा कागद. त्या पाइसानो कुटुंबाशी त्यांचे नाते त्यांना वाटते त्याहून जवळचे आहे. हे नाते त्यांना जाणवत नाही, ही आमची तक्रार आहे. आणि ती सांगणारे साहित्य मराठीत विरळ आहे, ही त्याहून मोठी.

वास्तविक मेक्सिकोशी आपला संबंध जुना आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत होते. देशोदेशी भटकून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेराने जे चित्र रंगवले त्यात भाकरी मोडून वाटणारा पुरुष म्हणून खानखोजे आहेत. परक्या देशाने ज्याला आपल्या भिंतीवर जागा दिली त्याला स्वदेशी परतण्याची वाट मात्र ब्रिटिशांच्या काळ्या यादीने दीर्घकाळ रोखून धरली. स्वातंत्र्यानंतर ते परतले. १९६७ साली नागपुरात वारले. आपण या कथेतील मका आणि भित्तिचित्र अभिमानाने सांगतो. परतीच्या परवान्यासाठी वाट पाहण्यात गेलेली वर्षे सांगत नाही.

याचे कारण आमच्या मते आपल्या प्रवासवर्णनाच्या घडणीत आहे. आपले प्रवासवर्णन विमानातून उतरते आणि थेट प्रेक्षणीय स्थळी पोचते. मधल्या खिडकीचा उल्लेख आलाच तर विनोदापुरता: अधिकाऱ्याला आपले आडनाव उच्चारता आले नाही, लोणच्याची बरणी पिशवीतून निघाली, इत्यादी. हसण्यास आमची ना नाही. पण ज्या क्षणी एक राज्यसत्ता आपल्याला विचारते, तू कोण, कशासाठी आलास, केव्हा जाशील, त्या क्षणाला विनोदात विरघळवणे म्हणजे प्रवासातील सर्वांत खऱ्या प्रकरणाला बगल देणे होय. आपल्या जुन्या मराठीला ही जाण होती. ‘दस्तक’, ‘राहदारी’, ‘नाका’, ‘परवाना’ हे शब्द पेशवाईच्या कागदपत्रांत जागोजाग भेटतात. माणूस कोठून कोठे कोणाच्या हुकुमाने जातो याची नोंद त्या भाषेला महत्त्वाची वाटत होती. ते शब्द पाठ्यपुस्तकाच्या टीपांत गेले आणि ‘सीमोल्लंघन’ तेवढे दसऱ्याचे म्हणून उरले.

कोणी म्हणेल, रांगेतल्या दोन तासांवर एवढा भार कशाला? पर्यटकाला तर परवाना मिळालाच. खरे आहे, आणि म्हणूनच तो ज्याला मिळाला त्याने हे लिहायला हवे. ज्याला मिळत नाही त्याला लिहिण्याची सवड आणि सुरक्षितता दोन्ही नसतात. विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच की पुढील वेळी निबंधात ‘सीमा ओलांडणे’ हा शब्दप्रयोग करताना क्षणभर थांबावे आणि विचारावे: कोणत्या कागदावर, किती दिवसांसाठी, आणि परतीचे काय?

सहाव्या दिवशी आम्ही परतलो. पर्यटक-कागद जाताना परत करायचा असतो. पण इथेही कोणी मागत नाही, गाडी सरळ पुलावर चढू शकते. आम्ही पुन्हा त्या इमारतीशी वळलो. काचेवरची चिठ्ठी अधिकाऱ्याने खरवडून काढली, अनामत परत आल्याची पावती दिली आणि आमचे कागद ठेवून घेतले. मग आम्ही पुलावरच्या रांगेत लागलो. दक्षिणेकडे येताना जो पूल काही मिनिटांत संपला होता तो उत्तरेकडे जाताना तीन तासांत संपला. पुढच्या मोटारीत एक मुलगी मागच्या काचेला नाक लावून आमच्याकडे पाहत होती. तिचे वडील मात्र एकदाही मागे वळले नाहीत. हातात पारपत्रे उघडी धरून ते पुढेच पाहत होते.