चपटा वेल आणि कडू फळ

गेल्या पंधरवड्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा दवाखान्यात आले होते. रक्तदाब पाहून झाल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तांबड्या भोपळ्याच्या वेलाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. वेल नेहमीसारखा गोल नव्हता. तीन बोटे रुंद, रिबिनीसारखा चपटा होता आणि त्यावर पाने दाटीवाटीने फुटली होती. ‘‘डॉक्टर, सूनबाई म्हणते हा रोग आहे, उपटून टाका. पण हे बी हिने जपून ठेवलेले होते,’’ ते म्हणाले. आजींना जाऊन दोन वर्षे झाली आहेत.

आपल्या वसईच्या वाड्यांतून असा वेल अधूनमधून आढळतो. २०२३ साली कॅलिफोर्नियातील स्पर्धेत १,२४७ किलोचा भोपळा तोलला गेला. असे अजस्र भोपळे पिकवणाऱ्यांनाही चपट्या वेलाचा अनुभव येतो. शेंड्याच्या वाढीचा बिंदू पसरट झाला की वेल चपटा होतो. कधी हा गुण बियाण्यातच असतो, कधी शेंड्याला इजा झालेली असते. केवळ चपटेपणामुळे फळ विषारी होत नाही.

उपाय सोपा आहे. बुंध्याजवळचा एक जोमदार, गोल आडवेल निवडून तो मुख्य वेल म्हणून वाढवावा आणि चपटा शेंडा कोरड्या हवेत, स्वच्छ सुरीने छाटावा. पाने मात्र हिरवी-पिवळी चट्टेरी, आकसलेली असतील, तर तो विषाणूचा रोग असू शकतो. असा वेल उपटून इतर वेलांपासून दूर टाकावा.

आता डॉक्टर म्हणून मला अधिक महत्त्वाचे वाटते ते सांगतो. भीती आकाराची नव्हे, कडूपणाची बाळगावी. भोपळा, दुधी, काकडी यांच्या कुळात ‘कुकुरबिटासिन’ नावाची कडू द्रव्ये असतात. घरी धरलेल्या बियाण्यात कडू जातीचा संकर झाला असेल, तर पुढच्या पिढीचे फळ कडू निघू शकते. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा याविषयीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू रस घेऊ नये, असाच त्याचा इशारा आहे.

म्हणून फळ चिरल्यावर कच्चा लहानसा तुकडा जिभेला लावावा व थुंकावा. कडू लागला तर संपूर्ण फळ टाकून द्यावे. ‘औषधी असेल’ म्हणून गिळू नये. येथे घरच्यांना विशेष विनंती आहे. वयानुसार चव मंदावते आणि काही औषधांनीही ती बदलते. तेव्हा ही परीक्षा एकट्या आजी-आजोबांवर सोपवू नका. घरातील तरुण माणसानेही करावी. कडू फळ खाण्यात आल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी, चक्कर किंवा उलटीत रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. यावर उतारा नाही. वेळेवर सलाईन व देखरेख हाच आधार आहे.

आणखी एक. ‘‘वेल मांडवावर कसा चढवता?’’ असे विचारल्यावर आजोबांनी हसून स्टुलाचे नाव घेतले. या वयात खुब्याचे हाड मोडणे हे कोणत्याही वेलापेक्षा मोठे संकट आहे. भोपळ्याचा वेल जमिनीवर सुखाने पसरतो. मांडवाचा हट्ट कशाला? पावसाळ्यात आळ्यात पाणी साचू देऊ नये, अनवाणी जाऊ नये आणि पानांखाली हात घालण्यापूर्वी काठीने चाळवून पाहावे.

आजोबांना मी वेल ठेवायला सांगितले आहे. छाटणी सूनबाई करणार आहेत, आजोबा खुर्चीत बसून कुठे छाटायचे ते दाखवणार आहेत. फळ धरलेच, तर पहिला तुकडा दोघेही चाखतील. गोड निघाले, तर त्यातील बी पुन्हा डब्यात जाईल.