हमालाचे कार्य शून्य?

नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन म्हणजे कार्य, ही व्याख्या झाली की वर्गात एक ठरलेले उदाहरण येते : डोक्यावर पोते घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल. पोते तोलणारे बल वरच्या दिशेला, चाल आडवी, दोहोंत ९० अंशांचा कोन; सबब हमालाचे कार्य शून्य! वर्ग हसतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, त्यामुळे ते हसणे माझ्या कानात जरा जास्त दिवस राहिले.

व्याख्येविरुद्ध माझी तक्रार नाही. ती चोख आहे. १८२९ साली कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला नेमका अर्थ दिला तो यंत्रांचा हिशेब मांडण्यासाठी. मराठीत ‘काम’ न म्हणता ‘कार्य’ म्हटले, हेही शहाणपणाचे झाले. (आपल्याकडे कार्य म्हटले की आधी मांडव आठवतो, ती गोष्ट वेगळी!)

तक्रार आहे ती शून्यापाशी थांबण्याबद्दल. पोते टेबलावर ठेवले तर टेबल ते वर्षभर तोलून धरील, त्याला भाकरी लागणार नाही. माणसाचा स्नायू तसा नाही. तो ताठ ठेवायचा तर आतले तंतू सारखे आकुंचन पावत आणि सैल होत राहतात, अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि उष्णता होऊन बाहेर पडते. हमालाला घाम येतो तो उगीच नाही. शिवाय प्रत्येक पावलाला अंग ओझ्यासकट थोडे वरखाली होते, म्हणजे ते शून्यही अगदी कोरे नव्हे. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. पण धडा ‘संपवायचा’ असतो ना!

बरे, जिथे कार्य होते तिथला हिशेब पाहू. ५० किलोचे पोते दीड मीटर उचलून ट्रकमध्ये टाकले तर ७३५ ज्यूल कार्य होते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार करा : सुमारे ४,९०० पोती! इतकी पोती उचलण्याचे मोल एका युनिटाएवढे. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मग यार्डात मोटारच बसवा म्हणावं तुझ्या सरांना.’’ ज्यूलने मजुरी ठरत नाही, हे त्यांना धडा न वाचता ठाऊक आहे.

शक्तीचेही तसेच. तेच पोते तरुण गडी झटक्यात उचलतो, म्हातारा सावकाश. कार्य सारखे, शक्ती वेगळी. वडिलांच्या टोळीत हमाली पोत्यामागे मिळते आणि वाटणी सारखी होते. टोळीने कार्य मोजले, शक्ती मोजली नाही. आणि १९६९ साली महाराष्ट्राने हमालांसाठी कायदा केला तेव्हा त्याच्या नावात ‘माथाडी’ हाच शब्द घातला, माथ्यावर ओझे वाहणारा. सपाट रस्त्यावरचे ओझेही त्यात आलेच.

हमालाचे उदाहरण पुस्तकातून काढा, असे मी म्हणणार नाही. ते राहू द्या. फक्त परीक्षेत त्याखाली दोन गुणांचा आणखी एक प्रश्न घाला : कार्य शून्य, तर मग हमाल थकतो का?